पित्तनळीच्या कॅन्सरची नागपुरातली ओपीडी : आमचा अनुभव

आधी मार्क देते, कारणं नंतर. रिपोर्ट समजावून सांगणं : पाचपैकी पाच. ऑपरेशनचा निर्णय आणि त्याची तयारी : पाच. नंबर, काउंटर, बिलिंग : दोन, तेही सरकारी योजनेचा आरोग्यमित्र चांगला भेटला म्हणून. आहाराचा कागद : शून्य. कॅन्टीनच्या तर्री पोह्यांबद्दल तक्रार नाही.

रुग्णालयाचं नाव मुद्दाम टाकत नाही. डॉक्टर बदलत राहतात, आज ज्या खुर्चीत चांगला माणूस बसला आहे तिथं पुढच्या वर्षी कोण असेल सांगता येत नाही. शिवाय या आजारासाठी नागपुरात एकच जागा आहे असंही नाही. यवतमाळ, वाशिम, गडचिरोलीकडून पेशंट घेऊन निघालेल्या माणसाला चांगली ओपीडी कशावरून ओळखायची हे कळावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं मेडिकल आहे. डी. फार्म झालेली असल्यामुळे रिपोर्टवरचे शब्द तरी वाचता येतात. पेशंट म्हणजे माझे मामाजी, म्हणजे सासरे. वय त्रेसष्ट, दारू नाही, तंबाखू आहे, कपाशी आणि तुरीचं वावर स्वतः बघणारे. दिवाळीच्या सुमारास डोळे पिवळे झाले. आमच्याकडे कावीळ म्हटली की आधी गळ्यात माळ पडते, मग कोणी तरी झाडपाला घेऊन येतं. नणंद पुसदहून बाटली घेऊन आलीच. पण ही कावीळ नेहमीची नव्हती. ताप नाही, पोटात दुखणं नाही, खाज मात्र अशी की मामाजी रात्री उठून दाराच्या चौकटीला पाठ घासायचे. लघवी गर्द पिवळी आणि शौच पांढुरकी. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या माणसाला अशी न दुखणारी, खाजणारी कावीळ झाली तर माळेची वाट बघू नका, सोनोग्राफी करा. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा, निघालं १८. सोनोग्राफीत लिव्हरच्या आतल्या पित्तनळ्या फुगलेल्या आणि पित्ताशय रिकामं, आक्रसलेलं. म्हणजे अडथळा पित्ताशयाच्या वर, लिव्हरच्या तोंडाशी.

जिल्ह्याच्या ठिकाणी ज्या रुग्णालयात आधी नेलं तिथं लगेच दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं राहावं म्हणून पित्तनळीत बारीक नळी, टाकला आणि एमआरआय त्यानंतर काढला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं ‘बिस्मथ टाइप ४’. रक्तातलं सीए १९-९, म्हणजे या कॅन्सरचा अंदाज घ्यायला बघतात तो आकडा, आलं ६४०, खरं तर ते ३७ च्या आत पाहिजे. एका तरुण डॉक्टरांनी दारात उभ्याउभ्या यांना, म्हणजे माझ्या मिस्टरांना, सांगितलं, ‘चौथी स्टेज आहे, आकडाही मोठा आहे, घरी सेवा करा.’ हे बाहेर येऊन बाकावर बसले आणि सरळ फोन काढून भावांना कळवायला लागले. मी फाइल हातात घेतली. कागदावर टाइप लिहिलं होतं, स्टेज कुठंच लिहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मामाजींना थंडी वाजून ताप आला. मग कळंब, देवळी, बुटीबोरी करत गाडी नागपूरला.

ओपीडीचा हॉल बघून कोणाचाही धीर सुटेल. खुर्च्या कमी, पंखे आवाज करणारे, आणि नंबर लावल्यावर तो कोणत्या रांगेचा आहे हे कोणालाच सांगता येत नाही. बसल्याबसल्या लोक एकमेकांच्या फायली बघतात आणि विचारतात, ‘तुमची कितवी?’ गोंदियाचे एक गृहस्थ होते, त्यांच्या पत्नीची गाठ पित्तनळीच्या खालच्या टोकाला, स्वादुपिंडाजवळ. त्यांची दुसरी, आमची चौथी, म्हणून त्यांनी मला धीर दिला. पुढे डॉक्टरांकडून कळलं की ही तुलनाच चालत नाही. पित्तनळीच्या कॅन्सरला स्टेज लावायचे तक्ते तीन आहेत : लिव्हरच्या आतल्या नळ्यांचा एक, लिव्हरच्या तोंडाशी दोन नळ्या जुळतात तिथला दुसरा, आणि खालच्या नळीचा तिसरा. खालच्या नळीत गाठ भिंतीत किती मिलिमीटर खोल गेली ते मोजतात : ५ च्या आत, ५ ते १२, किंवा १२ च्या वर. लिव्हरच्या आतल्या गाठीत ५ सेंटिमीटरची रेघ आहे, आणि रक्तवाहिनीत शिरली का, गाठी एकाहून जास्त आहेत का हे बघतात. आमच्या जागेचा हिशेब याहून निराळा. हॉलमध्ये बसून एकमेकांचे आकडे लावू नका.

आत गेल्यावर सर्जननी पहिला प्रश्न केला तो मामाजींना. ‘वावरात जाता का अजून? पायी जाता की गाडीवर? दुपारी किती वेळ पडून असता?’ मला वाटलं, गप्पा मारताहेत. नंतर बघितलं तर केसपेपरवर त्यांनी त्याचा एक आकडा लिहिला होता. माणूस दिवसभरात किती हिंडतो-फिरतो, यावरून तो ऑपरेशन किंवा केमो कितपत सोसेल याचा अंदाज लागतो, आणि पुढं कसं जाईल हे ठरण्यात या आकड्याचा वाटा मोठा असतो. दुसरा प्रश्न मला : ‘सीडी आणली?’ रिपोर्टचा कागद त्यांनी बाजूला ठेवला आणि एमआरआयची चित्रं स्वतः संगणकावर पुढे-मागे करत बघितली. स्टेंट टाकण्याआधीचा एमआरआय आहे का, विचारलं. नव्हता. यावर ते आधीच्या डॉक्टरांबद्दल एक शब्द बोलले नाहीत, पण मुद्दा स्पष्ट सांगितला. स्टेंट गेला की फुगलेल्या नळ्या रिकाम्या होतात, भिंतीला सूज येते, आणि मग गाठ कुठं संपते, सूज कुठून सुरू होते हे चित्रात नीट दिसत नाही. म्हणून लिव्हरच्या तोंडाशी अडथळा असेल तर आधी चित्रं काढायची, नळी नंतर. दुसरी भानगड त्याहून मोठी होती. स्टेंट गेला होता उजव्या बाजूला, आणि गाठ जास्त उजवीकडेच होती. ऑपरेशन झालं तर उजवं लिव्हर जाणार आणि डावं राहणार. जे राहणार ते तुंबलेलं, आणि जे जाणार त्याचा निचरा झालेला.

मग त्यांनी केसपेपरच्या मागं चित्र काढलं. लिव्हरमधून उजवी आणि डावी नळी येते, दोन्ही जुळून एक होते, ती खाली आतड्यात जाते. गाठ त्या जोडावर. मामाजी खुर्ची पुढे ओढून बघत होते. म्हणाले, ‘म्हंजे सायेब, दोन लॅटरल मेनलाइनले जुळते, त्या टीवरच चोकप झालं म्हना.’ ठिबक आमच्या घरी मामाजीच दुरुस्त करतात. डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच, फक्त ही टी बदलून मिळत नाही, आजूबाजूचं घेऊनच काढावी लागते.

याच जागच्या गाठीला रिपोर्टवर कधी ‘क्लॅट्स्किन ट्यूमर’ असंही लिहितात. गेराल्ड क्लॅट्स्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९६५ साली अशा तेरा पेशंटांबद्दल लिहिलं होतं, त्यांचं नाव राहिलं. आणि बिस्मथचा टाइप म्हणजे १९७५ सालची गाठीच्या पत्त्याची पद्धत. एक म्हणजे जोडाच्या खाली, दोन म्हणजे जोडावर, तीन म्हणजे उजव्या किंवा डाव्या फांदीत शिरलेली, चार म्हणजे दोन्हीकडे. कापायचं कुठून, हे ठरवायला तो टाइप कामाचा. पसरली किती, हे त्यात नाही. गाठी रक्तवाहिनीत गेल्या का, लसिकाग्रंथीत गेल्या का, पोटाच्या पडद्यावर, फुप्फुसावर गेल्या का, ते सगळं टीएनएम नावाच्या दुसऱ्या हिशेबात येतं (टी म्हणजे गाठ, एन म्हणजे ग्रंथी, एम म्हणजे दूरवर पसरणं), आणि स्टेज त्यातून ठरते. त्याच्या २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत तर, गाठ केवळ दोन्ही बाजूंच्या नळ्यांत गेली एवढ्यावरून तिला टी-४ धरायचं, हेही काढून टाकलं आहे. म्हणजे टाइप चार आणि स्टेज चार या दोन वेगळ्या गोष्टी. हे समजायला आम्हाला नागपूर गाठावं लागलं. यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता, कारण भावांना फोन करून झाला होता.

सीए १९-९ च्या आकड्याबद्दल डॉक्टर म्हणाले, काविळीत आणि नळीत पू झाला असताना तो तसाही वाढतो. कावीळ उतरल्यावर परत करा. शंभरातल्या पाच ते दहा जणांच्या शरीरात तर हा पदार्थ बनतच नाही, त्यांचा आकडा कॅन्सर असूनही साधाच येतो. मी मेडिकलमध्ये बसते, लोक ‘कॅन्सरची रक्ताची टेस्ट’ विचारत येतात, म्हणून हे इथं सविस्तर लिहिलं. कावीळ उतरल्यावर मामाजींचा आकडा ९६ आला. तरीही वाढलेलाच, पण ६४० नव्हे.

आणखी एक गोष्ट आवडली. स्टेंटच्या वेळी ब्रशनं घेतलेला नमुना ‘निगेटिव्ह’ आला होता. नणंदेनं त्यावर पेढे आणायचे बाकी ठेवले होते. डॉक्टरांनी थांबवलं : या ब्रशमध्ये कॅन्सर बराच वेळा निसटतो, निगेटिव्ह म्हणजे नाही असं नाही. पण त्यांनी दुसरी बाजूही तपासली. आयजीजी-४ नावाच्या प्रथिनाचा एक आजार असतो, त्यात पित्तनळी हुबेहूब अशीच आकुंचन पावते, आणि तो स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आटोक्यात येतो. ती रक्ततपासणी करून, ती नॉर्मल आल्यावरच पुढे गेले. लिव्हर कापायला निघालेला सर्जन आधी ‘नसेल तर?’ हे तपासतो, तेव्हा माझा विश्वास बसतो.

आता तयारी. पोटातून सुईनं डाव्या नळीत एक नळी घातली, बाहेर पिशवी. ताप उतरला, कावीळ हळूहळू उतरली. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन २.६ होतं, साडेतीनच्या वर पाहिजे; तेही वाढवायला सांगितलं. सीटीवरून मोजलं की उजवं काढल्यावर लिव्हरचा किती भाग उरेल. २८ टक्के. निरोगी लिव्हर असेल तर पाचवा हिस्साही पुरतो, पण आठवड्याआठवड्यांची कावीळ भोगलेल्या लिव्हरला तेवढ्यावर सोडत नाहीत. म्हणून उजव्या बाजूला रक्त नेणारी पोर्टल व्हेनची फांदी आतूनच बंद केली. उजव्या बाजूचं रक्त डावीकडे वळतं आणि डावं लिव्हर वाढायला लागतं. काही आठवड्यांनी पुन्हा सीटी केला, ३७ टक्के. मी हे याआधी कधी ऐकलं नव्हतं. मामाजींना मात्र यात नवल वाटलं नाही, एक फांदी छाटली की दुसरी जोर धरते हे त्यांना माहीत आहे.

मधल्या काळात ट्यूमर बोर्ड झाला. सर्जन, केमोवाले, एक्स-रेवाले एकत्र बसून केस बघतात, आणि आम्हालाही पाच मिनिटं आत बोलावलं. यांनी न राहवून विचारलं, किती दिवस? उत्तर गोलमाल नव्हतं. ऑपरेशन होऊच शकलं नाही तर केमोवर साधारण वर्षाच्या आसपासचा हिशेब असतो. २०१० साली आलेल्या मोठ्या अभ्यासात दोन औषधं एकत्र दिलेल्यांचा मध्य ११.७ महिने होता, म्हणजे निम्मे पेशंट त्याच्याआधी गेले, निम्मे त्यापुढे जगले. गाठ पूर्ण निघाली, कडेला पेशी उरल्या नाहीत, तर पाच वर्षांनी शंभरातले साधारण वीस ते चाळीस असतात. ग्रंथीत गेलेली असेल तर आकडा खालच्या बाजूला सरकतो, नसेल तर वरच्या. बाकी गोष्टी, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या, मज्जातंतूंच्या कडेनं पसरली का, रक्तवाहिनीत शिरली का, या सगळ्या मायक्रोस्कोपखालीच कळतात, म्हणून खरी स्टेज ऑपरेशननंतर. आत्ताची म्हणजे बाहेरून बांधलेला अंदाज : टी-२, ग्रंथी दिसत नाहीत, म्हणून दुसरी.

मामाजी एवढा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘सातबारा पोरायच्या नावानं करून ठेवू काय?’ सर्जन म्हणाले, ‘करा की. मी माझा केला.’ खोलीत सगळे हसले, मामाजी सगळ्यात जास्त.

ऑपरेशनच्या आधी त्याच भुलीत दुर्बिणीनं पोटात बघितलं, पडद्यावर बारीक दाणे आहेत का म्हणून. ते असते तर न कापता बंद केलं असतं. नव्हते. उजवं लिव्हर, त्यामागचा छोटा खंड, पित्तनळी आणि आजूबाजूच्या ग्रंथी काढल्या, डाव्या नळीला आतडं जोडलं. आयसीयूतला वेळ कठीण गेला, त्याबद्दल फार लिहीत नाही. नर्सताई चांगल्या होत्या.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला तेव्हा सर्जननी तो ओळीओळीनं वाचून दाखवला, आणि मी पाच मार्क दिले ते मुख्यतः यासाठी. कडा मोकळ्या. गाठ लिव्हरच्या मांसात थोडी गेलेली, टी-२बी. पेशी मध्यम बिघडलेल्या. मज्जातंतूंच्या कडेनं पसरलेली आहे. नऊ ग्रंथी तपासल्या, दोनमध्ये सापडली. एक ते तीन ग्रंथी म्हणजे एन-१, चार किंवा जास्त असत्या तर एन-२ आणि स्टेज ४-ए. एन-१ मुळे आमची स्टेज झाली ३-सी. दुसरीची तिसरी झाली म्हणून नणंद रडायला लागली, ऑपरेशननं वाढली का म्हणून विचारायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, आजार तेवढाच होता, आधी सीटीत न दिसणारं आता दिसलं. ग्रंथी कमीच काढल्या असत्या, तीन-चार, तर कदाचित शून्य आल्या असत्या आणि आपण खुशीत राहिलो असतो. किती तपासल्या, हेही म्हणून विचारायचं. हा प्रश्न कोणत्याही रुग्णालयात विचारा, उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर समजून घ्या.

पुढं कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या. दोन आठवडे गोळ्या, एक आठवडा सुटी, असे आठ फेरे. ब्रिटनमधल्या ४४७ पेशंटांच्या अभ्यासावरून, २०१९ साली तो छापून आला, हे देतात. ज्यांना गोळ्या दिल्या त्यांचा मध्य ५१ महिने, ज्यांना दिल्या नाहीत त्यांचा ३६. केमोच्या डॉक्टरांनी हेही सांगितलं की कडक गणितात तो फरक काठावरचाच होता, तरी या गोळ्यांबद्दल यापेक्षा बरा पुरावा हातात नाही. मला हे आवडलं. औषध विकणारी मी, मला कोणी ‘शंभर टक्के गुण’ म्हटलं की आधी पट्टीवरची तारीख बघते.

आता कापलेल्या मार्कांचं. आहाराच्या छापील कागदावर ब्रोकोली, ओट्स, ऑलिव्ह ऑइल. दारव्ह्याच्या बाजारात ब्रोकोली मागून बघा. अल्ब्युमिन वाढवलं ते अंडी, मुगाचं वरण, ज्वारीची भाकर आणि दह्यानं. हे कागदावर लिहायला कोणाची हरकत होती? बिलिंगच्या काउंटरवर एकाच सहीसाठी दोन मजले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आमचं काही बसलं, काही नाही बसलं. काय बसतं ते भरती व्हायच्या आधी आरोग्यमित्राकडून लिहून घ्या, आणि रेशन कार्ड, आधार मूळ प्रत सोबत ठेवा, झेरॉक्सवर भागत नाही. सीडी प्रत्येक तपासणीची मागून घ्या, ‘रिपोर्ट दिला ना’ म्हणतील, तरी मागा. पिशवी असलेल्या पेशंटला एसटीनं नेऊ नका, खिडकीच्या सीटलाही धक्के बसतात. आणि मुक्कामाला धर्मशाळेची चौकशी सोशल वर्करकडे करा, काउंटरवर नाही.

मामाजींचा सध्या चौथा फेरा चालू आहे. गोळ्यांनी तळहाताची कातडी सोलते आहे, विळा धरता येत नाही म्हणून चिडचिड करतात. ओपीडीच्या नंबरवर फोटो पाठवला तर डोस कमी करायचा की नाही ते त्याच दिवशी कळवतात. फोन मात्र दुपारी बारानंतर लावा, सकाळी कोणी उचलत नाही.